अक्षतांतला तिसरा चेहरा

१

"माझ्या नवऱ्याला मेलेल्यांत कुणी बसवलं?"

दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच त्या बाईनं विचारलं. या, बसा म्हणायलाही तिनं मला सवड दिली नाही. हातातला पेनड्राइव्ह तिनं असा धरला होता की आता माझ्या कपाळावर फेकून मारते की काय असं वाटलं.

मी झीनत. सोलापुरात विजापूर वेशीत माझं 'कासीम मिक्सिंग' नावाचं दुकान आहे. लग्नाचं शूटिंग करायचं आणि कापून-जोडून, गाणी घालून त्याचा सिनेमा करून द्यायचा, हा आमचा धंदा. कासीम माझा नवरा. तो गेला, पाटी राहिली, आणि पाटीखाली मी राहिले. माझं तोंड फटकळ आहे हे गिऱ्हाइकांना ठाऊक असतं, त्यामुळं सहसा कुणी माझ्यावर आवाज चढवत नाही. ही चढवत होती. म्हटलं, हिचं खरंच काहीतरी जळतंय.

"आधी पाणी प्या," मी म्हणाले, "मग भांडा. मी पण भांडते की."

ती पाणी प्यायली. नाव विजयमाला, गाव मोहोळ. तिच्या थोरल्या दिरानं, महिपतीनं, आपल्या मुलीचं म्हणजे वैष्णवीचं लग्न केलं होतं, आणि त्याचा व्हिडिओ आमच्या दुकानातूनच गेला होता. काल सगळं घर तो बघायला टीव्हीपुढं बसलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. मंगलाष्टकं संपतात, शेवटचं 'सावधान' होतं, अक्षता उडतात. त्या वेळी घरातल्या वारलेल्या वडीलधाऱ्यांचे फोटो नवरा-नवरीच्या डोक्यावर हळूहळू उमटवायचे आणि तसेच हळूहळू विरवायचे. वरून आशीर्वाद दिला असं दिसलं पाहिजे. पुण्याची पोरं ह्याला हसतात. हसू देत. मी त्या जागी म्हाताऱ्या माणसांना हुंदके देताना बघितलंय. चित्र किती भरीव आणि किती विरळ ठेवायचं, त्याला आमच्या धंद्यात ओपॅसिटी म्हणतात. वारलेल्यांना मी निम्म्यावर ठेवते. त्याहून जास्त ठेवलं तर ते जिवंत वाटतात, कमी ठेवलं तर कुणाला दिसत नाहीत.

"माझे सासू-सासरे दिसले," विजयमाला म्हणाली. "बापू आन् बजाबाई. आन् त्यांच्या शेजारी आमचे हे. दोन वर्सं झाली, घर सोडून गेल्यात. गेल्यात म्हंजे मेले न्हाईत की! मग त्यांचा फोटो तितं कुणी लावला? ज्यानं लावला त्याला काय ठावं हाय?"

मी पेनड्राइव्ह लावला. अक्षता उडाल्या. डावीकडं गंध लावलेले बापू उमटले, त्यांच्याजवळ हार घातलेल्या बजाबाई. आणि उजवीकडं जरा वर एक पुरुष, पुसट, कपाळावर पांढरं काहीतरी. दोघं म्हातारे विरले, आणि लगेच पुढचं दृश्य आलं, हार घालायचं.

"बघितलंत? बापू गेले, सासूबाई गेल्या, हे मात्र एकटेच मागं रेंगाळल्यागत," ती म्हणाली. "आन् कपाळाला पांढरं फडकं. केराआत्या म्हणतीया, हे मेल्याचंच लक्षण. परवा आमुशाला त्यांची क्रिया करून माझं कुकू पुसणार हायेत."

ह्या व्हिडिओसाठी फोटो दोनच आले होते, ते मी स्वतःच्या हातानं घेतले होते.

२

उमर माझ्या बहिणीचा मुलगा. तिशीचा आहे, बायको-पोरांचा आहे, आणि कामात हुशार आहे असं त्याचं स्वतःचं मत आहे. हा व्हिडिओ त्यानं जुळवला होता.

"तिसरा फोटो कुठून आला रे?"

"कुठला तिसरा? मी दोनच लावले, खाला."

मी दाखवलं. त्यानं पडद्याजवळ नाक नेलं आणि झटकन मागं घेतलं.

"हे मी नाही लावलं. आईची शपथ!"

"माझ्या बहिणीला मध्ये आणू नको. मूळ काम उघड."

मूळ काम उघडलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यात प्रत्येक तुकडा, प्रत्येक फोटो आपापल्या पट्टीवर वेगळा दिसतो; कुणी काय ठेवलं ते लपत नाही. पण उमर जागचा हलला नाही.

"उडवलं, खाला. नवरदेवाकडनं 'छान झालाय' म्हणून फोन आला, मग उडवलं. डिस्कमध्ये जागा कुठं होती? लगीनसराई आहे."

हा आमचाच शिरस्ता, त्याला काय बोलणार? गिऱ्हाइकानं पसंत केलं की सगळं पुसायचं आणि पुढचं लग्न भरायचं. दुसरा कॅमेरा गुफरान चालवतो, त्याला फोन लावला. त्याच्या कार्डावरही आता बार्शीकडचं कुठलं तरी लग्न होतं. म्हणजे जे काही होतं ते त्या एका तयार व्हिडिओत होतं, एकमेकांत मिसळून गेलेलं. दुधात पाणी घातल्यावर वेगळं काढ म्हणावं, तसं.

विजयमाला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून उमरकडं बघत होती. तिच्या नजरेत संशय होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही होता. पसंतीचा फोन आला म्हणून पुसलं, की काही झाकायचं होतं म्हणून पुसलं?

"उमर, माझ्याकडं बघ. त्या माणसाचा फोटो तुझ्याकडं कधी आला होता का?"

त्यानं माऊस बाजूला सारला.

"आला होता," तो म्हणाला. "नवरीनं पाठवला होता. वैष्णवीनं."

३

विजयमालासोबत मी एसटीनं मोहोळला निघाले, लॅपटॉप पिशवीत घेऊन. तुम्ही म्हणाल, तुझं काय अडलं होतं? अडलं होतं. कुंकू माझ्या दुकानाच्या कामानं पुसलं जाणार होतं. कासीमच्या पाटीखालून असलं पाप बाहेर पडलेलं मला चाललं नसतं.

चिंचोळी एमआयडीसी आली तशी विजयमालानं खिडकीकडं पाठ केली.

"हितं गेले बापू," ती म्हणाली. "छातीत दुखाया लागलं. थोरले म्हणत हुते मोहोळातच दावू, हे म्हणले सोलापूरला नेतो. आपल्या टेम्पोत घातलं आन् निघाले. हितं आल्यावर बापूंनी मान टाकली. तेराव्याला थोरले सगळ्यांदेखत बोलले, तू बापाला मारलंस, आजपासनं तू आमाला मेलास. तसेच उठून गेले हे. डोईला केसबी उगवले नव्हते."

"तुम्हाला काही बोलून गेले?"

"काय बी न्हाई. माझ्याकडं बघितलंबी न्हाई." मग ती एकदम चिडली. "नवऱ्यानं टाकलेल्या बाईची काय किंमत असती? वैष्णवीच्या लग्नात पंगतीला बसले, तर वाढप्यानं समद्या बायकांना जिलबी वाढली आन् मला वगळून पुढं गेला! शेंगाची चटणी मातर ही एवढी घातली, आन् कडक भाकरी न मागता दोनदा. समद्या बघत हुत्या. मला जिलबी नकोच असती, ती गोष्ट येगळी. पर इचारावं तरी?"

"इचारावं की," मी म्हणाले. मलाही राग आला त्या वाढप्याचा.

महिपतीचं घर स्टँडपासून लांब नव्हतं. माणूस उंचापुरा, पण खांदे पडलेले. दारातच खाटेवर केराआत्या बसल्या होत्या, महिपतीच्या बापाची बहीण. त्यांचं तोंड माझ्यापेक्षा फटकळ निघालं.

"मेलाय त्यो," मी बसायच्या आत त्या म्हणाल्या. "मेल्याबगर आईबापाशेजारी दिसंल का? ज्यानं फोटू लावला त्याला म्हाईत हाय कुटं आन् कसा मेला. जित्याचा कशाला दावतील?"

महिपतीला मी सरळच विचारलं. "तुम्ही म्हणाला होता ना, तू आम्हाला मेलास? मग मेलेल्यांत लावायला फोटोही तुम्हीच दिला का?"

असं तोंडावर विचारणं बरं नव्हे, पण मला गोल गोल बोलता येत नाही. महिपतीचा चेहरा पडला. आधी वाटलं मारायला उठतो. तो उठला, आणि आतून देव्हाऱ्याजवळची एक तसबीर घेऊन आला. तीत दोघे भाऊ, टेम्पो नवा घेतला त्या दिवशीचे.

"रागाच्या भरात बोललो बाई. तोंडातनं गेलं. त्या दिसापासनं ह्यो फोटू देवाजवळ हाय. मेलेल्याचा ठेवत न्हाईत तितं." त्यानं डोळे पुसले. "पर मी बोललो, आन् तसंच झालं बघा."

मी तसबीर हातात घेतली. नाव तेव्हा मला कळलं, खाली रंगानं लिहिलं होतं: महिपती-अभिमन्यू. धाकट्याला काय मिशा होत्या! नुसत्या झुबकेदार. आणि व्हिडिओतल्या चेहऱ्याला तर मिशी नव्हती.

४

वैष्णवी माहेरी आलेली होती. हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. मी नुसतं उमरचं नाव काढलं आणि ती रडायलाच लागली.

"मीच पाठवला होता काकाचा फोटो. मला वाटलं, काका माझ्या लग्नाला नाही, निदान व्हिडिओत तरी असू दे. उमरभाईंनी सांगितलं, तिथं वारलेल्यांचेच लावतात, जिवंत माणसाचा लावला तर अपशकुन होतो. मग मी म्हणाले नको. खरंच नको म्हणाले, काकी!"

विजयमालानं तिला जवळ घेतलं. बिचारीचा स्वतःचा जीव टांगणीला लागलेला, आणि ही दुसऱ्याचे डोळे पुसत होती.

"मोबाइलमध्ये आहे का तो फोटो?" मी विचारलं.

होता. हसणारा अभिमन्यू, कपाळाला गुलाल, आणि त्याच त्या झुबकेदार मिशा. म्हणजे उमरनं खोटं बोलून, किंवा चुकून, हा फोटो लावला असता तर मिशा दिसल्या असत्या. माझा भाचा सुटला. मला बरं वाटलं, पण कोडं सुटलं नाही, उलट वाढलं.

"त्यांचा बिनमिशीचा फोटो कुणाकडं आहे?"

घरातले एकमेकांकडं बघायला लागले.

"लग्नापासनं कधी मिशी काढली न्हाई त्यांनी," विजयमाला म्हणाली. "एकदाच काढली. बापूंच्या क्रियेला, डोई केली तवा."

"त्या वेळी कुणी फोटो काढला?"

"सुतकात कोण फोटू काढंल?" केराआत्या म्हणाल्या.

म्हणजे घरात कुणाकडंही त्या चेहऱ्याचा फोटो असणं शक्य नव्हतं. महिपतीनं दिला नाही, वैष्णवीनं दिला तो वेगळा, उमरनं लावला नाही. तरीही तो चेहरा तिथं होता. तेराव्याला तो उठून गेला, त्यानंतर कधीतरी कुणीतरी त्याला समोरून बघितलं होतं, आणि एक तर तो तेव्हा जिवंत होता...

"न्हाईतर अखेरचा फोटू आसंल," केराआत्यांनी माझं वाक्य पुरं केलं. "तिरडीवरचा. म्हणून कपाळाला पांढरं."

विजयमालाचा हात आपोआप गळ्यातल्या मण्यांवर गेला.

५

मला चहा दिला, तो गार झाला. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन ओसरीच्या कडेला बसले आणि ती जागा पुन्हा पुन्हा लावत राहिले. बघता बघता मला माझाच राग यायला लागला. मी फोटो शोधत होते, म्हणून मला फोटो दिसत होता. सगळ्यांचंच तसं झालं होतं. लग्नाच्या व्हिडिओत त्या जागी पुसट चेहरा आला की तो मेलेल्याचा, हे आम्हाला पाठच झालेलं. ही सवय लावली कुणी? माझ्यासारख्या मिक्सिंगवाल्यांनीच.

मग विजयमालाचं दुकानातलं बोलणं आठवलं. बापू गेले, सासूबाई गेल्या, हे मात्र मागं रेंगाळल्यागत.

आम्ही आशीर्वादाचे फोटो कसे लावतो? एकाच वेळी उमटवतो, एकाच वेळी विरवतो. हात त्याच वळणाचा झालेला असतो. उमरनं तिसरा फोटो लावला असता तर तोही त्या दोघांबरोबर विरला असता. मी आता फक्त त्या चेहऱ्याकडं बघत सावकाश पुढं गेले. बापू पुसट होत होते. बजाबाई पुसट होत होत्या. आणि त्याच वेळी हा तिसरा ठळक होत होता.

म्हणजे तो जात नव्हता, येत होता.

"महिपतीभाऊ," मी हाक मारली, "लग्नाच्या कार्यालयाला वर गॅलरी आहे का?"

"हाय की. तितं आचाऱ्याची भांडीकुंडी ठिवत्यात. का वो?"

मी एकेक चित्र पुढं सरकवत राहिले. हार घालायच्या दृश्याच्या अगदी अलीकडं, शेवटच्या काही चित्रांत, त्या चेहऱ्याची पापणी खाली आली आणि पुन्हा वर गेली.

फोटो डोळे मिटत नाही.

६

सगळ्यांना मी लॅपटॉपभोवती बसवलं, केराआत्यांनाही. उमरला फोन लावून स्पीकर चालू केला.

"उमर, 'सावधान' झाल्यावर नवरा-नवरीच्या क्लिपवर दुसरी कुठली क्लिप चढवलीस?"

"गुफरानभाईची, खाला. ते म्हणाले, गॅलरीतून फुलं टाकणार आहेत, म्हणून त्यांनी कॅमेरा वर धरून ठेवला होता. फुलं कुणी टाकलीच नाहीत. मला तिथं हळूच बदल दाखवायचा होता, म्हणून ती क्लिप वर ठेवली आणि तिची ओपॅसिटी शून्यापासून चढवत नेली."

"पूर्ण भरेपर्यंत नेलीस?"

"हौ... म्हणजे नेली होती. मग बँडचा आवाज हारावर बसेना, म्हणून त्या क्लिपचं शेपूट कापलं."

"म्हणजे पुरती उमटायच्या आत क्लिप संपली. बघितलंस का पुन्हा?"

"मला वाटलं तिथं नुसता अंधार आहे. गॅलरीत काय बघायचं?"

"तुझी अक्कल बघायची होती!" म्हणून मी फोन ठेवला.

मग घरच्यांना समजावलं. संध्याकाळी एसटीच्या काचेत बघा. बाहेरचं शेतही दिसतं आणि त्यावर आपलं तोंडही दिसतं. तोंडाभोवतीचा अंधार दिसत नाही, जिथं उजेड तेवढंच दिसतं. इथं तसंच झालं. खाली वैष्णवीच्या लग्नाचं दृश्य, त्यावर गॅलरीचं दृश्य अर्धंमुर्धं उमटलेलं. गॅलरीत सगळा काळोख, दिव्याखाली उभा एकच माणूस. म्हणून फक्त त्याचा चेहरा आला, आणि तोही नेमका आई-बापाच्या फोटोंशेजारी.

शेवटचं चित्र मी थांबवलं, उजेड वाढवला, जितकं ठळक होईल तितकं केलं. हनुवटीखाली आडवी पट्टी दिसत होती. फोटोची चौकट वाटलेली ती पट्टी गॅलरीचा लोखंडी कठडा होता. कठड्यावर एक हात, मूठ उघडलेली, त्यातून सुटलेले अक्षतांचे पांढरे ठिपके. आणि कपाळावरचं पांढरं फडकं म्हणजे वाढपी घालतात ती कापडी टोपी. निळा मास्क हनुवटीवर ओढलेला.

"ह्यो तर अभ्या!" महिपती उठून उभाच राहिला. "कार्यालयात हुता? लग्नात?"

"नुसता नव्हता," मी म्हणाले. "विजयमालाबाई, तुमच्या पानात जिलबी का वाढली नाही?"

"मला काय ठावं?" ती म्हणाली.

"तुम्ही म्हणालात, मला नकोच असती. का नको?"

"मला साखर हाय," ती पुटपुटली.

"पंगतीत कुणाला ठाऊक होतं?"

"घरच्यांनाच. आन् घरचे समदे येणाऱ्या-जाणाऱ्यांत गुतले हुते."

"अनोळखी वाढपी जिलबी वगळत नाही. वगळली तर त्याला शिव्या बसतात. आणि न मागता कडक भाकरी दोनदा, वर शेंगाची चटणी एवढी?"

"ती माझ्या आवडीची," म्हणत तिनं तोंडावर पदर घेतला. मग पदराआडूनच म्हणाली, "टोपी आन् मास्क हुता त्याला. मी तोंड वर करून बघितलंबी न्हाई. लाज वाटत हुती."

केराआत्या खाटेवरून उतरल्या. मला वाटलं, आता काही वाकडं बोलतात. त्यांनी देव्हाऱ्याजवळचा कुंकवाचा करंडा आणला आणि विजयमालाच्या कपाळाला भलंमोठं कुंकू लावलं. "आता पूस म्हणंल त्याचं थोबाड फोडते," त्या म्हणाल्या. परवा पुसायला निघालेल्या त्याच, पण आता तो विषय काढण्यात काही अर्थ नव्हता.

आचारी कोण होता ते महिपतीनं कार्यालयवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मंद्रूपचा शंकरप्पा.

७

आम्ही तिघं मंद्रूपला पोचलो, तेव्हा शंकरप्पाच्या वाड्यात दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्याची तयारी चालली होती. भली मोठी पातेली उन्हात उपडी घातलेली. शंकरप्पा पोट सावरत पुढं आला.

"अभिमन्यू? हौदु, हाय की! लई भला माणूस. मोहोळचं काम आलं तवा म्हणाला, मी येतो, पर माझं नाव कुणाला सांगू नका. म्या म्हटलं, अय्यो, पळून आला काय! म्हणला, व्हय, पळूनच आलोय. कुणी वळखू नये म्हणून मिशीबी ठिवत न्हाई बघा."

अभिमन्यू मागच्या अंगणात वांगी चिरत बसला होता. आम्हाला बघून त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल? हनुवटीवरचा मास्क वर ओढला. एवढा मोठा बाप्या, लहान पोरासारखा.

महिपती पुढं होणार होता, मी त्याची बाही धरली. आधी जिचं आहे तिला बोलू द्यावं.

विजयमाला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोन वर्षांत काय काय बोलायचं ठरवलं असेल तिनं! शिव्या ठरवल्या असतील, शाप ठरवले असतील. तिच्या तोंडातून निघालं ते हे:

"मला जिलबी का वाढली न्हाई?"

त्यानं सुरी खाली ठेवली. "तुला साखर हाय."

"समद्या बघत हुत्या माझ्याकडं."

"व्हय. मला दिसलं."

"मग इचारायचं तरी!"

"आवाज वळखला आसतास," तो म्हणाला. "आन् मग मला ऱ्हाववलं नसतं. दादा म्हणला हुता, तू मेलास. वैष्णवीच्या लग्नात मेलेल्या माणसानं येऊन गोंधळ कशाला घालायचा? वरनं अक्षता टाकल्या आन् गप खाली आलो."

विजयमालानं वाकून त्याच्या तोंडावरचा मास्क ओढून काढला, मग डोक्यावरची टोपी काढली. दोन्ही हातात चुरगाळली. आणि मग ती जी रडली, ते बघवेना. महिपती माझ्या हातातून बाही सोडवून पुढं गेला.

"म्याच म्हणलो हुतो मेलास," तो म्हणाला. "आता म्याच म्हणतो, जिता हाईस. बापू तुझ्यामुळं गेले न्हाईत. त्यांची वेळ आली हुती. ऊठ."

अभिमन्यू उठला खरा, पण आधी शंकरप्पाला विचारून, उरलेली वांगी चिरून मगच निघाला. दुसऱ्या दिवशी लोकांच्या घरी कार्य होतं.

काही दिवसांनी विजयमाला दुकानात आली. ह्या वेळी पायरीवर उभी न राहता आत येऊन बसली. उमर मान खाली घालून म्हणाला, "मावशी, चूक माझी. पण आता ते नीट करता येत नाही. मूळ क्लिप उडाली. त्या व्हिडिओत काका कायम अर्धेच दिसणार."

मला वाटलं आता हा ऐकून घेतो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लग्नाला अर्धेच तर आले हुते."

बाहेर रस्त्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. विजापूर वेशीत टेम्पो लावायला जागा कुठली, मागच्या रिक्षावाल्यांनी आरडाओरडा सुरू केला होता.

"आले, आले!" ती उठली आणि दारातूनच ओरडली. "दोन वर्सं मी थांबले, तुमाला दोन मिनटं थांबवत न्हाई व्हय?"